कोटातल्या भवानीचा जीर्णोद्धार: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात एका जुन्या देसाई घराण्याचा भुईकोट आहे आणि त्या कोटात भवानीचं देऊळ. गावाची महालक्ष्मी यात्रा सव्वा वर्षावर आली होती, आणि श्रावणात गाभाऱ्याच्या छतातून पाणी थेट मूर्तीच्या खांद्यावर ठिबकत होतं. देवस्थान पंच कमिटीने ठराव केला की देऊळ उतरवायचं, त्या जागी आर.सी.सी.चं नवं बांधायचं आणि वर गावाबाहेरून दिसेल असं शिखर चढवायचं. एस्टिमेट 50 लाखांच्या वर गेलं होतं. निम्मी वर्गणी बोलूनही झाली होती. मला बोलावलं ते नकाशावर सही करायला.

गावाचं नाव देत नाही. ही मंडळी रोज एकाच पारावर बसतात, आणि खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात अशी देवळं इतकी आहेत की नाव नसलं तरी अनेकांना आपलंच गाव दिसेल. देऊळ शेवटी उतरवलं गेलं नाही. ते का, आणि छत गळायचं कारण कुठे सापडलं, ते इथे सविस्तर मांडतोय. छतात ते थोडंच सापडलं. बाकीचं देवस्थानच्या जमाखर्चात होतं.

कोट आणि त्याची देवी

बेळगावकराला किल्ल्यातली देवी म्हटलं की दरवाजाशी असलेली दुर्गामाता आठवते. नवरात्रात पहाटे पांढरे कपडे, भगवा फेटा आणि अनवाणी पायांनी निघणारी दुर्गामाता दौड इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्या किल्ल्याने पाहिलेले धनी मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. रट्ट राजघराण्याची राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामला, म्हणजे बेळगावला आली आणि 1204 च्या सुमाराला किल्ला उभा राहिला. पुढे देवगिरीचे यादव, मग विजयनगर, 1474 मध्ये महमूद गावानच्या हाताने बहमनी, नंतर आदिलशाही, 1686 ला विजापूर पडल्यावर मोगल, त्यानंतर पेशवाई आणि 1818 ला इंग्रज. आत रट्टांच्या काळातलं जैन मंदिर, कमल बस्ती, आहे, 1519 ची साफा मशीद आहे, आणि दरवाजाशी गणपती व दुर्गा. येणाऱ्या प्रत्येक किल्लेदाराला दरवाजा राखायचाच असतो, त्यामुळे दरवाजाच्या देवतेशी वैर घेणं कुणालाच परवडत नसावं, असं आपलं मला वाटतं.

प्रतापगडाची गोष्ट निराळी. तिथे राजाने आपली कुलस्वामिनी स्वतः गडावर बसवली. तुळजापूर आदिलशाही मुलखात, वाट धोक्याची. म्हणून 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी गडावरच भवानीची स्थापना केली. आमच्या शेजारी चंदगड तालुक्यात पारगड आहे, तिथेही भवानी आहे, आणि तानाजीपुत्र रायबा मालुसरे यांच्याकडे किल्लेदारी होती ही आठवण गडकरी घराणी अजून सांगतात. आमच्या प्रकरणातला कोट या दोहोंच्या मधला म्हणावा लागेल. देसाई काही छत्रपती नव्हेत. पण आपल्या मुलखापुरते ते राजेच, आणि त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना गाव आजही ‘सरकार’ म्हणतं.

कोटाचा दरवाजा उभा आहे. तट मातीचा, बाहेरून जांभ्याने बांधून काढलेला. चारपैकी दोन बुरुज शाबूत, एक अर्धा, चौथ्याचा नुसता उंचवटा. खंदक बुजून तिथे भात होतो. वाडा गेल्या पिढीत पडला, त्याचं लाकूड विकलं गेलं. आत आता नांदतं आहे ते फक्त देऊळ: गाभारा, त्याच्यापुढची लहानशी जोडजागा म्हणजे अंतराळ, आणि पुढे लाकडी खांबांचा सभामंडप. गाभाऱ्यावर दगडी लाद्या टाकून त्यावर चुन्याचा कोबा. मूर्ती महिषासुरमर्दिनीची, काळ्या पाषाणाची, हातभर उंच, झिजल्यामुळे चेहरा मऊ झालेला.

यात्रेची घाई का होती, तेही सांगायला हवं. बेळगाव भागातली महालक्ष्मी यात्रा दरवर्षी भरत नाही. कुठे नऊ, कुठे बारा, कुठे त्याहून जास्त वर्षांनी गाव ठरवतं. मग आधी वार पाळायचे, त्या दिवशी शेतात औत घालायचं नाही. देवीला अक्षता पडतात, रथ ओढतात, देवी गदगेवर, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या ओट्यावर, बसते आणि घराघरांत पाहुण्यांच्या पंगती उठतात. एकेक घर वर्षाची कमाई त्यात घालतं, आणि रंग न काढलेलं घर गावात शोधून सापडत नाही. या गावात रथ कोटाच्या दरवाजासमोर थांबतो. भवानीची ओटी बाहेर येते, महालक्ष्मीला लागते आणि मगच रथ पुढे सरकतो. म्हणजे पाहुण्यांच्या हजारो डोळ्यांपुढे जी जागा येणार तीच गळकी. शेजारच्या गावाने दोन वर्षांपूर्वी नवं देऊळ बांधलं होतं, त्याचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलवर होते. पंचांच्या ठरावाला मी हौस म्हणणार नाही. पाहुण्यांपुढे मान खाली जाईल ही भीती खरी होती.

भिंत काय सांगत होती

पहिल्या भेटीत मी भिंतीला हात लावून उभा होतो तेव्हा पूजेचं ताट घेऊन आलेल्या एक अक्का म्हणाल्या, “देवी भिजूलाल्या, साहेब, आणि तुम्ही भिंती काय बघूलालाय?” प्रश्न रास्त होता. पण ठिबक मूर्तीवर पडत असली तरी गाभाऱ्याच्या भिंती जमिनीपासून छातीपर्यंत ओल्या होत्या, आणि ते पाणी वरून आलेलं नव्हतं.

याची परीक्षा सोपी आहे, कुणालाही करता येते. प्लॅस्टिकचा एक तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या अंगाला जमले तर ओल हवेतली. आतल्या अंगाला, भिंतीकडे जमले तर ओल भिंतीतली. आमचा तुकडा आतून असा भरला की काढताना धार लागली.

मग दसऱ्यानंतर, उघडीप मिळाल्यावर, देवळाचा एकेक थर पाहायला घेतला. या कामात मला सर्वांत जास्त मदत झाली ती देणगीदारांच्या पाट्यांची. प्रत्येक कामाखाली संगमरवरी पाटी आणि पाटीवर साल. कोणता थर कधी चढला हे विचारायची गरजच उरली नाही.

सर्वांत आधी, ऐंशीच्या दशकात, बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफ होऊन निघून जातं, सिमेंट मात्र ते आत कोंडतं. जांभ्यावर सिमेंट म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. त्यानंतर कुणीतरी गाभाऱ्यात आतून खांद्याएवढ्या उंचीपर्यंत पांढऱ्या चकाकत्या टाइल्स बसवल्या, वरच्या भागाला ऑइलपेंट मारला. भिंत दोन्ही अंगांनी बंद. मग बाहेरच्या जोत्याला ग्रॅनाइट. जमिनीतून चढणारी ओल जिथे वाट मिळेल तिथवर चढत राहते. खालून ग्रॅनाइटने अडवली की ती ग्रॅनाइटच्या वरच्या कडेला जाऊन फुटते. तिथे लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारे क्षार, धरला होता, बोट फिरवलं की पीठ पडत होतं.

याच्याही वर कडी केली ती अंगणाने. आमदार की खासदार फंडातून कोटाच्या अंगणात पेव्हर बसवले होते. जुनी फरसबंदी न काढता तिच्यावरच मुरूम आणि मुरमावर पेव्हर, त्यामुळे अंगण वीतभर वर आलं आणि देवळाचं जोतं तेवढंच खाली गेलं. उतारही देवळाकडेच. आषाढातलं सगळं अंगणाचं पाणी जोत्याशी तळं करून उभं राहायचं. बेळगाव शहरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या निम्म्याहूनही कमी अथणीला पडतो, आणि मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला मात्र कित्येक पटींनी जास्त. अथणीत कदाचित हा उतार खपून गेला असता. इथे नाही.

अभिषेकाचं पाणी बाहेर टाकणारं गोमुख टाइल्स लावताना बुजलं होतं. म्हणजे रोज सकाळी घागरभर पाणी आणि सणावाराला दूध-दही फरशीच्या फटींतून थेट देवळाच्या पायात जात होतं.

छताचं सांगायचं तर, दगडी लाद्यांवरचा मूळ चुन्याचा कोबा बराचसा शाबूत होता. त्यावर कुणीतरी सिमेंटचा कोबा केला, तो उन्हाने तडकला, तडा झाकायला डांबर, डांबरावर वॉटरप्रूफिंगचा पांढरा रंग. कठड्याच्या कोपऱ्यात पिंपळाने मूळ धरलं होतं. पाणी त्या मुळापाशी शिरायचं, सिमेंट आणि चुना यांच्या मधल्या पोकळीतून वाहत यायचं आणि दोन लाद्यांच्या सांध्यातून, नेमकं मूर्तीच्या वर, टपकायचं. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलं तर पोकळ आवाज कठड्यापासून सांध्यापर्यंत सलग येत होता. ओळंबा लावला: भिंती सरळ. लाद्यांना एकही चीर नाही. उतरवण्यासारखं देवळात काहीच नव्हतं. शिखर मात्र या भिंतींवर चढवण्यासारखं नव्हतं, आणि ते मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं.

मोडीतला चुना

इथपर्यंत प्रकरण तांत्रिक होतं. मला पडलेला प्रश्न दुसराच होता: शे-दीडशे पावसाळे ज्या देवळाने काढले ते गेल्या चाळीस वर्षांतच का कुजलं? फक्त सिमेंटवर खापर फोडून चालणार नव्हतं. सिमेंट लावायची पाळी कुणावर तरी का आली?

देसाई घराण्यातल्या वृद्ध काकांकडे मोडीतली काही बाडं होती. त्यांना स्वतःला मोडी येत नव्हती, आणि गावात वाचणारं कुणी उरलं नव्हतं. कोल्हापूरहून एक जाणकार आले आणि त्यांनी दोन दिवस बसून देवळापुरतं वाचून दिलं. देवीच्या नावे भाताची इनाम जमीन होती. तिच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, नैवेद्य, नवरात्र, गुरवाचा शेर असे खर्च होतेच. पण दरवर्षी मृगाच्या आधी आणखी एक खर्च पडायचा: चुना, गूळ, हिरडा, छपरावरचं गवत काढणाऱ्याची मजुरी. काही वर्षी सुरखी, म्हणजे विटांचा भुगा. रक्कम किरकोळ, पण साल चुकलेलं नाही. देऊळ कुणी एकदा दुरुस्त करून ठेवलं नव्हतं; ते दर उन्हाळ्यात थोडं थोडं दुरुस्त होत होतं.

ही साखळी तुटली कधी, ते कागदांतच दिसतं. हा मुलूख 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. स्वातंत्र्यानंतर परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, देसाईंची सत्ता आणि उत्पन्न आटलं, तरी देवीची जमीन काही काळ राहिली. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवसाबद्दल इथल्या मराठी माणसाला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. देवस्थानपुरतं एवढंच झालं की पावतीपुस्तक मराठीत राहिलं आणि सरकारी कागद कन्नडमध्ये येऊ लागले. पुढे 1974 च्या जमीन सुधारणेत आणि 1977 च्या इनाम रद्द कायद्यात जमीन कुळांच्या नावे झाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे योग्यच झालं, त्यातली दोन घरं आज पंच कमिटीत आहेत. देवळाला बदल्यात मिळाली तस्तीक, सरकारी तिजोरीतून दर साल ठरलेली रक्कम. ती पूजेसाठी असते, आणि पूजेलाच जेमतेम पुरते. 1997 चा कर्नाटक धर्मादाय कायदा 2003 पासून लागू झाला तेव्हा हे देऊळ ‘क’ वर्गात बसलं. वर्षाचं उत्पन्न 5 लाखांच्या आत असलेल्या देवळांचा हा वर्ग, आणि राज्यातली बहुसंख्य देवळं याच वर्गात आहेत.

मृगाआधीच्या चुन्याला त्यानंतर कुणी धनीच राहिला नाही. छत पहिल्यांदा गळलं तेव्हा गावाने देणगीदार शोधला, आणि देणगीदाराला द्यायला आवडतं ते दिसणारं काम. ग्रॅनाइट दिसतं, टाइल्स दिसतात, पेव्हरचं उद्घाटन होतं. गटार साफ करण्याला कुणी पाटी लावत नाही. नीट पाहिलं तर देवळावरचा प्रत्येक अपाय कुणाच्या तरी श्रद्धेतून आलेला होता. म्हणूनच त्याला हात लावणं अवघड होतं.

बैठक

कायद्याच्या आधाराने हे थांबवता येईल असं मला आधी वाटलं होतं. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण, हे 2010 च्या दुरुस्तीपासून बहुतेक बिल्डरांना पाठ झालंय. राज्याचा स्वतंत्र कायदा 1961 चा. पण हा कोट ना केंद्राच्या यादीत, ना राज्याच्या. उताऱ्यावर तटाची जमीन सरकारी, देवळाखालची देवस्थानची. उद्या जे.सी.बी. आणला असता तर अडवणारा कागद कुठेच नव्हता. मला तर ते बरंच वाटलं. कागदाने थांबवलेलं गाव मनातून थांबत नाही.

बैठक सभामंडपात झाली. पंच, गुरवकाका, देसाईंचे काका, गल्लीगल्लीतले कारभारी, यात्रा कमिटीची पोरं. ग्रॅनाइट दिलेले गृहस्थ गोव्यात ठेकेदारी करतात, ते मुद्दाम आले होते. बायका मागच्या बाजूला खांबांपाशी बसल्या होत्या, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, देवळाच्या बैठकीत निम्मा निकाल तिथेच लागतो.

ठेकेदार म्हणाले, “मी देवीला दगड दिला. आता तुम्ही तो उचकटून फेकायला सांगूलालाय. मी काय वाईट केलं?” याला उत्तर तांत्रिक भाषेत देऊन चाललं नसतं. मी त्यांना बाहेर नेलं, ग्रॅनाइटच्या वरच्या कडेला बोट लावायला सांगितलं. बोटाला पांढरं पीठ लागलं. त्यांनी ते चाटून पाहिलं. खारट. बांधकामातला माणूस, पुढचं त्यांना कळलं. पण राग गेला नाही, आणि तो जायची अपेक्षाही चुकीची होती.

यात्रा कमिटीतल्या एकाने मुद्दा काढला की देवीलाच कौल लावू. ओल्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होय. बरीच मंडळी राजी झाली. गुरवकाका मात्र हलले नाहीत. “कौल लावतो मी,” ते म्हणाले, “पण आधी गवंड्याला विचारा, मग देवीला. उलटं केलं तर देवीवर खापर येतं.” तिथून बैठकीचा रंग बदलला. मोडी कागदांतला चुन्याचा खर्च देसाईंच्या काकांनी वाचून दाखवला, आणि मागून एका म्हातारीने सांगितलं की तिच्या सासूच्या आईने चुन्यात घालायला घरचा गूळ दिला होता. एवढ्याने ठराव फिरला असं नाही. दुसऱ्या बैठकीत आकडे मांडले तेव्हा फिरला: दुरुस्तीचा खर्च नव्या देवळाच्या चौथ्या हिश्श्यात बसत होता, आणि यात्रेआधी काम संपण्याची खात्री होती. नवं देऊळ यात्रेत अर्धवट उभं राहण्याची शक्यताच जास्त होती. सळया बाहेर आलेल्या देवळापुढे रथ थांबवायला कुणालाच आवडलं नसतं. कौल त्यानंतर लागला. उजवा.

काम

तुळशीच्या लग्नानंतर सुरुवात केली, कारण चुना पावसात जमत नाही आणि कडक उन्हातही नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, आणि तोवर ओला ठेवावा लागतो. चुनकळी, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, बागलकोटच्या बाजूची आणली, कोटातच खड्डा करून पाण्यात विझवली आणि तीन आठवडे पाण्याखाली ठेवली. सुरखीला लांब जायची गरज पडली नाही. खानापूरच्या विटा आणि कौलं सगळीकडे जातात, भट्टीवरच्या फुटक्या विटांचा भुगा मिळाला. हिरड्याचं पाणी आणि गूळ घातला. गूळ गावाने घराघरांतून दिला, तो गरजेपेक्षा बराच जास्त झाला आणि उरलेल्याचं पुढे प्रसादाचं गोड झालं.

चुन्याचं काम जाणणारे गवंडी चंदगड बाजूने आले. त्यातल्या थोरल्याची सिमेंट काढण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. ब्रेकर लावायला त्याने साफ नकार दिला. छिन्नी आडवी धरून, भिंतीशी जवळजवळ समांतर, एकेक खपली उचकटायची. जिथे सिमेंट जांभ्याचा तुकडा घेऊनच येतंय असं दिसलं तिथे तो थांबायचा, हात फिरवायचा आणि म्हणायचा, “हे राहू दे, ह्याला दगडानं धरलंय.” पूर्वेच्या भिंतीवर असे चार-पाच ठिगळ अजून आहेत.

ग्रॅनाइट निघालं, टाइल्स निघाल्या. पेव्हर काढून अंगण वीतभर खाली नेलं तेव्हा जुनी फरसबंदी जवळजवळ अख्खी मिळाली, देवळापासून दूर जाणाऱ्या उतारासकट. गोमुख मोकळं केलं. छतावरचं डांबर आणि सिमेंट खरवडून चुन्याचा नवा कोबा घातला, लाकडी थापीने दिवसचे दिवस ठोकला. पिंपळाचं मूळ काढताना कठड्याचे तीन दगड उतरवून परत बसवावे लागले. सभामंडपावरचे पत्रे गेले, मंगळुरी कौलं आली.

मूर्तीला वज्रलेप करावा अशी मागणी होती. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याने रासायनिक संवर्धन केलं, त्यावर पुढे किती चर्चा झाली हे सीमाभागात सगळ्यांनी ऐकलंय. मी मूर्तीला हात लावला नाही, तो माझा विषय नाही. एवढंच सुचवलं की अभिषेक पितळी उत्सवमूर्तीवर करावा आणि पाषाणाला कोरड्या वस्त्राने पुसावं. गुरवकाकांनी ते लगेच मानलं.

पाट्यांचा प्रश्न राहिला. काढलेल्या कामाची पाटी कुठे लावायची? दरवाजाच्या आतल्या देवडीत एक रिकामी भिंत होती, तिथे सगळ्या पाट्या सालवार बसवल्या. ठेकेदारांच्या ग्रॅनाइटचे कट्टे करून पाराभोवती लावले. ते यात्रेला आले, कट्ट्यावर बसले, माझ्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर

यात्रा झाली. रथ दरवाजासमोर थांबला, ओटी बाहेर आली. शिखर नसल्याची कुरकुर पाहुण्यांत झाली आणि अजूनही होते.

पहिल्या पावसाळ्यात छत गळलं नाही. पण पाऊस संपल्यावर गाभाऱ्याच्या भिंतींवर पांढरा लोणा आधीपेक्षा जास्त उमटला आणि गाव धास्तावलं. हे होणारच होतं. चाळीस वर्षं कोंडलेलं पाणी बाहेर पडताना क्षार सोबत आणतं. कोरड्या कुंच्याने झाडायचं, पाण्याने धुवायचं नाही. धुतलं की क्षार पुन्हा आत. एका उत्साही मुलाने पाइप लावून उत्तरेची भिंत धुतलीच. ती बाजू अजून ओलसर आहे. तिचा गिलावा दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावा लागेल.

मृगाआधीच्या खर्चाची सोय अशी झाली. नवरात्रात ओटीत येणाऱ्या साड्यांचा लिलाव होतो, ते पैसे पूर्वी सर्वसाधारण खात्यात जात. आता त्यातला ठरलेला वाटा ‘छत-चुना’ या वेगळ्या खात्यावर पडतो आणि दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही असा ठराव आहे. छपरावर चढून पन्हळी साफ करायची पाळी गल्लीवार लावली आहे. पहिल्या वर्षी पाळी पार पडली. दुसऱ्या वर्षी एका गल्लीने चुकवली, तेव्हा यात्रा कमिटीच्या पोरांनी केली. साड्यांचा लिलाव दोन्ही वर्षी बरा झाला, पण तो देवीच्या भक्तांच्या मर्जीवर आहे. भाताच्या शेतासारखं ते पक्कं उत्पन्न नाही, आणि पुढच्या यात्रेपर्यंत हे खातं टिकेल का हे मी सांगू शकत नाही.

गेल्या आषाढात अर्धा उरलेला बुरुज रात्रीतून बसला. पंचांचं म्हणणं, बुरुज देवस्थानचा नाही. महसूल खात्याच्या मते जागा सरकारी, पण दगडांसाठी वेगळा हिशेब त्यांच्याकडे नाही. देसाईंच्या काकांनी हात वर केले. ढिगातले चिरे चांगले आहेत, घडीव आहेत, आणि दोन ट्रॉल्या आधीच गेल्या. पंचायतीकडे सध्या दोन अर्ज पडून आहेत, एक घरकुलासाठी ते चिरे मागणारा आणि दुसरा ते जागेवरच ठेवा म्हणणारा, देवस्थानच्या शिक्क्याचा. तो शिक्का मिळवायला पंचांशी तीन बैठका भांडावं लागलं.